भेटीची वेळ : दोन ते चार

चिंचवड, शुक्रवार, १३ ऑक्टोबर १९७८

निघताना हजर : मी, पत्नी सुमन, मुलगी अंजू, शेजारचे नाडकर्णी पतिपत्नी, आमच्या टाइम ऑफिसातले, म्हणजे हजेरी खात्यातले, दोघे, आणि बबन गव्हाणे. बबन आमच्या कंपनीत ग्राइंडिंगवर असतो, मोशीचा. दुसऱ्या पाळीला जाता जाता सायकल फाटकाला टेकवून आला होता.

गैरहजर : आई. घरातच होती, पण बाहेर आली नाही.

परत आल्यापासून कॉलनीतली माणसं भेटतात आणि कॅनडा कसा आहे, विमानात काय देतात, थंडी किती, असं विचारतात. प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवलेलं बरं. ज्यांना पुढेमागे जायचं असेल त्यांनी विमानाच्या वेळेबद्दल लिहिलेलं तरी नीट वाचावं.

माझी धाकटी बहीण कुसुम टोरांटोला होती. नऊ वर्षांपूर्वी तिने फ्रान्सिसशी लग्न केलं. फ्रान्सिस म्हापशाचा, पिंपरीत आमच्याच कंपनीत ड्रॉइंग ऑफिसला होता. लग्नाच्या दिवसापासून आईने तिचं नाव घेणं बंद केलं. तिची पत्रं मला येत, मी ती जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचत असे आणि आई ताटातलं निवडत बसे. सप्टेंबरात फ्रान्सिसचं इंग्रजी पत्र आलं. कुसुमला कॅन्सर होता, तो पसरला होता, आणि डॉक्टरांनी एक-दोन महिने सांगितले होते. पत्राच्या शेवटी तिने स्वतः वेड्यावाकड्या अक्षरात एकच शब्द लिहिला होता : ‘ये’.

मी यादी केली. पासपोर्ट, व्हिसा, लसीचा दाखला, रजा, गरम कपडे. सोळा बाबी होत्या, त्यांतल्या पंधरा महिन्याभरात उरकल्या. राहिलं तिकीट.

पुणे कँपातल्या तिकिटवाल्याने दोन मार्ग सांगितले. पहिला दिवसाचा. मुंबईहून सकाळी निघायचं, दुपारी लंडन, रात्री तिथे हॉटेलात झोपायचं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी टोरांटोचं विमान पकडायचं. दुसरा रात्रीचा. मध्यरात्रीनंतर मुंबई सोडायची, सकाळी लंडन, विमानतळावरच बसून राहायचं आणि त्याच दुपारी पुढे.

‘पाटणकरसाहेब, दिवसाचं घ्या,’ तो म्हणाला. ‘तिकडे गेल्यावर घड्याळ साडेनऊ तास मागे जातं. माणसाला ते झेपत नाही. मधे एक रात्र पाठ टेकलेली बरी.’

‘पण एक दिवस जातो.’

‘जातो. पण पोचल्यावर माणूस जागा असतो.’

मी त्याला हसून सांगितलं की वीस वर्षं मी तीन पाळ्यांचा तक्ता करतोय, जागरण मला शिकवू नका. फ्रान्सिसने कळवलं होतं की हॉस्पिटलात भेटीची वेळ दुपारी दोन ते चार. सकाळी डॉक्टर असतात, आणि संध्याकाळी पाचला इंजेक्शन दिलं की कुसुम सकाळपर्यंत शुद्धीत नसते. म्हणजे भेट काय ती दोन ते चार. रात्रीच्या विमानाने एक दुपार जास्त मिळत होती. मी रात्रीचं तिकीट घेतलं.

आणि तयारी केली. टोरांटोचा दिवस म्हणजे आपली रात्र, हे कागदावर मांडल्यावर मला वाटलं, ही तर नुसती पाळीबदली! पहिल्या पाळीचा माणूस तिसऱ्या पाळीत टाकायचा. साहेबांची परवानगी काढून मी दोन आठवडे रातपाळी केली. रात्री अकरा ते सकाळी सात टाइम ऑफिसात बसायचं, घरी येऊन पडदे ओढून झोपायचं. कागदावर बिनचूक होतं. घरात आठला कुकरच्या शिट्ट्या, नऊला भाजीवाली, दहाला कुणीतरी ‘पाटणकर कॅनडाला निघाले म्हणे’ करत दारात. त्यात दसरा आला. मशीनची पूजा, पेढे, दिवसभर उभा. दोन आठवड्यांनी मी ना पहिल्या पाळीचा राहिलो ना तिसऱ्या.

फाटकाशी मी बबनला फुशारकीने हे सगळं सांगितलं. तो ऐकून घेत म्हणाला, ‘सायेब, रागावू नगा. रातपाळीची सवय व्हती व्हय कुणाला? पंधरा वर्सं झाली मला. न्हाई व्हत. आमी नुसतं उभं ऱ्हातो. बसलं की गेलं.’

‘तू बसतोस म्हणून जातोस,’ मी म्हणालो. टाइम ऑफिसातले दोघे हसले. कारण सगळ्यांना ठाऊक होतं. तिसऱ्या पाळीच्या फेरीत बबन मला दोनदा स्टुलावर झोपलेला सापडला होता आणि दोन्ही वेळा मी त्याच्या नावापुढे शेरा मारला होता.

बबनही हसला. ‘तेबी खरंय म्हना.’

टॅक्सीत बॅगा चढवताना हँडबॅगेत एक डबा सापडला. यादीत नव्हता. जुन्या पातळाच्या तुकड्यात बांधलेला, आत मेतकूट. मी सुमनकडे पाहिलं. तिने डोळ्यांनीच स्वयंपाकघराकडे खूण केली. मी यादीत सतरावी बाब लिहिली : मेतकूट, आईकडून. मग ‘आईकडून’ खोडलं, कारण आईने तसं काही म्हटलं नव्हतं.

विमानात

विमान आतून आपल्या निमआराम बसपेक्षा फारसं रुंद नसतं, एवढंच सांगतो. शाकाहारी सांगितलं तर भात, उकडलेला वाटाणा आणि गोड म्हणून एक थरथरणारा लाल तुकडा मिळतो. माझ्या शेजारी जालंधरचे एक सरदारजी होते, सत्तरीचे, मुलाकडे निघालेले. बसल्या बसल्या त्यांनी बूट काढले, पाय पोटाशी घेतले आणि डोळे मिटले.

मी ताठ बसून होतो. तक्त्याप्रमाणे ही माझी रातपाळी होती, झोपायचं नव्हतं. मनगटावर टोरांटोची वेळ, खिशात वडिलांचं जुनं घड्याळ, त्यात चिंचवडची. सरदारजींनी एकदा डोळा उघडला, माझ्या हातातला कागद पाहिला आणि म्हणाले, ‘सो जाओ जी. जहाज आप नहीं चला रहे.’

मी त्यांना पाळीबदलीचा हिशेब समजावला. ते ऐकता ऐकता पुन्हा झोपले.

लंडनला सकाळ झाली तेव्हा तक्त्याप्रमाणे झोपायची वेळ होती. पण खुर्चीत डोळा लागून पुढचं विमान चुकलं तर, या भीतीने पाच तास टक्क जागा बसलो. दुपारी निघालो तर सूर्य मावळेचना. आठ तास तो खिडकीत एकाच जागी टांगलेला. टोरांटोला उतरलो तेव्हाही तिथे ऊन होतं. चिंचवडच्या घड्याळात शनिवार उलटून गेला होता.

कस्टमच्या माणसाने डबा उघडला. ‘हे काय?’ त्याने इंग्रजीत विचारलं. मी म्हटलं, ‘पावडर.’ तो शब्द तिथे काढू नये, हे जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. दोन माणसं आणखी आली. एकाने पेन्सिल खुपसून वास घेतला. शेवटी मीच चमचाभर कोरडं मेतकूट तोंडात टाकलं आणि मला असा ठसका लागला की त्यांनीच पाणी आणून दिलं. पातळाचा तुकडा मी परत मागून घेतला आणि घडी करून ठेवला.

टोरांटो, रविवार ते गुरुवार

फ्रान्सिसच्या केसांत पांढरं आलं आहे. मराठी अजून पूर्वीसारखी, कोकणी मिसळलेली. ‘दादा, खूप बारीक झाला तू,’ तो मला म्हणाला, आणि स्वतः माझ्याहून निम्मा झाला होता. घर नीटनेटकं. बाहेर झाडांची पानं इतकी लाल झालेली की पहिल्यांदा पाहताना डोळ्यांना त्रास होतो. रस्त्यावर कुणी कुणाला हाक मारत नाही. बस येते, माणसं रांगेने चढतात, कुणी बोलत नाही. रात्री फ्रान्सिसने माझ्यासाठी वरण केलं, त्यात चुकून साखर दोनदा पडली. दोघांनीही ते मुकाट्याने खाल्लं.

रविवारी दोन वाजता आम्ही दोघे गेलो. कुसुम उशीला टेकून बसली होती. डोक्याला रुमाल. हात अंजूच्या हाताएवढे. मी तिला डबा दिला. तिने डबा बाजूला ठेवला आणि नुसता तो पातळाचा तुकडा हातात घेऊन नाकाशी धरला.

‘आई काय म्हणाली?’

‘काही नाही म्हणाली. बॅगेत ठेवला.’

‘स्वतः?’

‘स्वतः.’

तिने तुकडा उशीखाली सरकवला. मग म्हणाली, ‘दादा, मला आईला पत्र लिहायचंय. माझ्या हातात पेन राहत नाही. फ्रान्सिसला देवनागरी लिहिता येत नाही. तू घेशील लिहून?’

‘उद्या वही घेऊनच येतो.’

‘आज नको. आज तू पेंगतोयस,’ ती हसली. ‘पाळीचे तक्ते करणारा माणूस!’

फ्रान्सिसने मला घरी सांगितलं की याला इकडे जेट लॅग म्हणतात. चार-पाच दिवस जातात. दुपारी दोन वाजले की चिंचवडला रात्रीचे साडेअकरा होतात, आणि शरीर अजून तिथेच असतं. उलट पहाटे दोनला मी खडखडीत जागा होऊन छताकडे पाहत पडून राहत असे.

सोमवारी फ्रान्सिसला कामावर जावं लागलं. मी एकटा गेलो. ती खोली दोघींची होती. पलीकडच्या खाटेवर मिसेस कोवाल म्हणून एक म्हाताऱ्या बाई होत्या, मूळच्या युक्रेनकडच्या, सतत विणत असायच्या. मी खुर्ची ओढली, वही उघडली आणि ‘तीर्थरूप आईस, शिरसाष्टांग नमस्कार’ लिहायला लागलो.

‘तसलं नको रे. नुसतं आई लिही.’

मी खोडून ‘आई’ लिहिलं. ती सावकाश सांगत होती, दम घेत होती. मी लिहिलं :

‘आई, मेतकूट मिळालं. पातळ ओळखलं. माझा मॅट्रिकचा निकाल लागला त्या दिवशी तू हेच नेसली होतीस. तुझ्यावर माझा राग नाही. पण एक गोष्ट तुला मी कधीच सांगितली नाही, ती अशी की’

त्यानंतर वहीत पेनाची एक रेघ आहे. उजवीकडे उतरत कागदाच्या कडेपर्यंत गेलेली.

चारची घंटा झाली तेव्हा मी जागा झालो. कुसुम खिडकीकडे पाहत होती. ‘असू दे,’ ती म्हणाली. ‘आज लवकर झोप.’

मंगळवारी मी दोन कप कडक कॉफी पिऊन, वाटेत थंड पाण्याने तोंड धुऊन गेलो आणि बबनचं ऐकून उभाच राहिलो. खिडकीच्या कठड्यावर वही टेकवली. कुसुमने वर पाहून बोलायला सुरुवात केली आणि थांबली.

‘बस ना रे. मान दुखते माझी.’

बसलो.

ती काय म्हणाली ते मला माहीत नाही. तिचा आवाज कुठेतरी लांबून, कारखान्यातल्या यंत्रांच्या घरघरीसारखा एकसुरी ऐकू येत होता, एवढं आठवतं. जागा झालो तो घंटेने. ती डोळे मिटून पडली होती. मिसेस कोवाल विणकाम खाली ठेवून माझ्याकडे पाहत होत्या. त्यांनी मोडक्या इंग्रजीत सांगितलं : तासभर बोलली ती. मी तुम्हाला उठवायला येत होते, तर तिने हातानेच नको म्हटलं, ऐकतोय तो म्हणाली. एकदा रडली, एकदा हसली. मग मला विचारू लागल्या, ‘आई म्हणजे काय? फार वेळा म्हणाली.’

मी त्यांना अर्थ सांगितला. त्यांनी विणकाम उचललं आणि पुन्हा माझ्याकडे पाहिलं नाही.

आपल्याकडे हॉस्पिटलात गर्दी असते म्हणून मी स्वतः तक्रार केलेली आहे. एका खाटेभोवती पाच माणसं, डबे, पोरं, कुणी जमिनीवर सतरंजी टाकून. पण त्यात एकाचा डोळा लागला तर दुसरा जागा असतो. टोरांटोला घंटा झाली की माणसं कोट घालून शांतपणे निघतात. खाटेशेजारी एकच खुर्ची होती आणि तिच्यावर मी होतो.

बुधवारी तिचा आवाज बसला होता. मी वही उघडायच्या आतच तिने विचारलं, ‘काल सगळं सांगून झालं ना माझं? मधेच तुझे डोळे मिटल्यासारखे वाटले. पण तू ऐकत होतास ना? लिहिलंस?’

मी वीस वर्षं हजेरीचं काम केलं. कुणी पाच मिनिटं उशिरा आला तर पाच मिनिटं लिहिली. ओळखीचा असो, साहेबांचा भाचा असो. न आलेल्याला हजर कधी लिहिलं नाही.

‘हो,’ मी म्हणालो. ‘सगळं लिहिलं.’

‘परत सांगायला जमलं नसतं रे,’ ती म्हणाली आणि तिचा चेहरा इतका सैल झाला, की खरं बोलायची माझ्याजवळ जी काही ताकद होती ती तिथेच संपली. थोड्या वेळाने तिने चमचाभर मेतकूट-भात मागितला. नर्सने भात आणून दिला. तिने दोन घास खाल्ले.

गुरुवारी दुपारी दोन वाजता मी पूर्ण जागा होतो. डोक्यात कसला जडपणा नाही, डोळ्यांत जळजळ नाही. शरीर टोरांटोला पोचलं होतं. मी पेनाचं टोपण काढून खुर्चीत बसलो आणि चारपर्यंत एकदाही जांभई आली नाही. कुसुम शुद्धीत नव्हती. ती पुन्हा शुद्धीत आली नाही. शनिवारी सकाळी गेली.

पुढचे चार दिवस इथे लिहीत नाही.

परतताना

येताना फ्रान्सिसने दिवसाचं तिकीट काढून दिलं. लंडनला एक रात्र त्याच्या ओळखीच्या घरी झोपलो, सकाळी निघालो, खिडकीतून ढग पाहिले, दोन वेळा जेवलो. मुंबईला उतरलो तो झोपायच्याच वेळेला, आणि झोपलो. दुसऱ्या दिवशी चिंचवडला आलो तेव्हा ताजातवाना होतो. नाडकर्णी म्हणाले, ‘प्रवास मानवला बरं का तुम्हाला.’ तिकिटवाल्याचा शब्द न् शब्द खरा होता. जाणाऱ्यांनी दिवसाचं विमान घ्यावं, मधे एक रात्र झोपावं. एक दिवस जातो तो जाऊ द्यावा.

फ्रान्सिसची तार माझ्याआधी घरी आली होती. त्यामुळे आईला सांगायचं काम मला उरलं नव्हतं.

कामावर रुजू झालो त्या दिवशी सुट्टीच्या भोंग्याला बबन टाइम ऑफिसच्या खिडकीशी आला. ‘सायेब, भैन गेली म्हनं.’

‘हो.’

‘भेट तर झाली न्हवं?’

मी त्याला आत बोलावलं आणि खुर्ची दिली. सगळं सांगितलं. बाकी कुणाला सांगितलं नव्हतं, सुमनलाही नाही. तो टोपी हातात फिरवत ऐकत होता. संपल्यावर मी म्हणालो, ‘बबन, तुझ्यावर मी शेरे मारलेत.’

‘दोन,’ तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, नुसता आकडा होता. मग उठला. ‘झोप कुनाचं ऐकत न्हाई सायेब. पर आईला काय सांगनार?’

मी हजेरीबुक पुढे ओढलं. त्याने टोपी घातली. सायकल घेऊन तो गेला.

आईने माझ्याकडे कुसुमबद्दल एकच गोष्ट विचारली, तीही आल्या दिवशी, भांडी लावता लावता, पाठमोरी. ‘काही दिलंय का लिहून?’

‘दिलंय,’ मी म्हणालो. ‘बॅगेत आहे. काढतो.’

त्या दिवशी सुमनने मला बाजूला घेऊन सांगितलं की मी कॅनडाला असताना आई आपणहून अंजूला घेऊन गावात गेली आणि डोळे तपासून आली. सहा वर्षं ती जुन्याच चष्म्यावर होती, अक्षरं दिसत नाहीत म्हणायची, तरी नवा करू देत नव्हती. आता नवा चष्मा करून घेतला आहे. काळी फ्रेम, कडक डबी. रोज चारला मी पहिली पाळी संपवून येतो तेव्हा ती ओसरीवर बसलेली असते आणि डबी मांडीवर असते. विचारत काही नाही.

वही माझ्या टेबलाच्या खणात आहे. मी तीन गोष्टी करून पाहिल्या. तेवढ्याच ओळी स्वच्छ कागदावर उतरवल्या. पण त्या ‘ती अशी की’ पाशी थांबतात, आणि त्यावर थांबलेलं पत्र आईच्या हातात देणं म्हणजे काय ते मला कळतं. ते शेवटचं वाक्यच गाळून पाहिलं, तर कुसुमने जे सांगण्यासाठी मला समुद्रापलीकडून बोलावलं तेच गाळलं जातं. आणि एकदा, रविवारी सगळी बाहेर गेली असताना, पुढचं मनाने लिहायला बसलो. पाऊण पान झालं. अक्षर माझं, शब्द माझे, खाली कुसुमचं नाव. फाडलं.

आज आल्याला अकरा दिवस झाले. प्रवासाची यादी काल पुरी तपासली. पासपोर्ट कपाटात ठेवला, गरम कोट नाडकर्णींना परत केला, मेतकुटाचा रिकामा डबा घासून आईच्या फळीवर ठेवला, पातळाचा तुकडा फ्रान्सिसने ठेवून घेतला तशी नोंद केली. सगळ्या बाबींपुढे खूण आहे. परतीच्या विमानात मी शेवटी एक बाब वाढवली होती, अठरावी. तिच्यापुढची जागा रिकामी आहे.

१८. आईला पत्र देणे.